न झालेला धूर

उजाडताच भिंगरीनं चूल पेटवली आणि तिच्यावर रिकामं पातेलं ठेवलं.

पातेल्यात पाण्याचा थेंब नाही की धान्याचा दाणा नाही. नुसतं बूड काळं व्हावं म्हणून ते चढवलेलं. पत्र्याची ही चूल घरात येऊन वर्ष होत आलं होतं, पण अंगावर डाग म्हणून नव्हता आणि आज नेमका डागच हवा होता. भिंगरीनं चुलीच्या तोंडात मुद्दाम ओल्या काटक्या कोंबल्या. धूर करू नका, धूर करू नका म्हणून जी बाई वर्षभर वस्तीच्या कानीकपाळी ओरडत होती, ती आज आपल्याच चुलीपुढे वाकून धूर व्हावा म्हणून फुंकर मारत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते धुराचं होतं की रागाचं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"रिकामं भांडं तापवतेयस," मागच्या पडवीतून सासूबाई म्हणाल्या. "जेवायला कोण येणार आहे?"

"आई, आज दुपारपर्यंत मागं काही पेटवू नका. तेवढं ऐका माझं."

"आणि माझा चहा?"

"चहा या चुलीवर करून देते मी."

"नको. मला आहे ते बरं आहे."

आहे ते म्हणजे पडवीतले तीन दगड. त्यांच्यावर सासूबाई दोन्ही वेळचा स्वयंपाक रांधायच्या आणि छताचा पत्रा आतून कोळशासारखा करून ठेवायच्या. 'मला आहे ते बरं आहे' हे उत्तर भिंगरी वर्षभर ऐकत आली होती. सुरुवातीला ती भांडली, मग रुसली, मग तिनं विषयच सोडला. हट्टी माणसाशी डोकं फोडण्याइतका वेळ तिच्यापाशी नव्हता. नवरा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, आणि हिच्यावर सगळ्या वस्तीच्या चुली.

भिंगरी हे नाव वस्तीनंच ठेवलेलं. खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं होतं. ही बाई एका जागी बसलेली कोणी पाहिली नव्हती. या दारात दिसली म्हणेपर्यंत पलीकडच्या गल्लीत तिचा आवाज ऐकू यायचा. चुली वाटणाऱ्या संस्थेनं तिला देखरेखीला नेमलं तेव्हा वस्तीत कपडे शिवणारी टेलरबाई म्हणाली होती, "बरं झालं. आधी फुकट फिरायची, आता पगारी फिरेल."

काम मात्र असं होतं की समजावून सांगायला गेलं तर ऐकणाऱ्याला आपली थट्टा चाललीय असं वाटावं. दूरच्या देशात एक विमान कंपनी होती. तिची विमानं धूर सोडायची आणि तो काही तिला थांबवता येत नव्हता. मग ती म्हणाली, आम्ही सोडतो तेवढा धूर जगात दुसरं कोणी सोडायचं थांबलं, तर त्याचे पैसे आम्ही मोजू. ते दुसरं कोणी म्हणजे ही वस्ती. नव्या चुलीत निम्म्या लाकडात स्वयंपाक व्हायचा. उरलेल्या निम्म्या लाकडाचा जो धूर झालाच नाही, त्याचा हिशेब लावून त्याची कार्बन क्रेडिट्स करायची, ती बाजारात विकायची आणि आलेल्या पैशांतून पुढच्या वस्तीला चुली द्यायच्या.

"म्हणजे गाय न पाळता दूध विकायचं," टेलरबाईनं सार काढलं होतं.

पण विकत घेणारा काही खुळा नसतो. न झालेला धूर दिसणार कसा? म्हणून तो तपासनीस पाठवतो. लोक चुली खरोखर वापरतात की शोभेला ठेवतात, ते तपासनीस घरोघर जाऊन बघणार. चिठ्ठ्या काढाव्यात तशी घरं त्या दिवशी सकाळी संगणक निवडणार आणि कोणालाही आधी सांगायचं नाही. तपासणी पार पडली तर क्रेडिट्स विकली जाणार आणि चुलींची पुढची खेप टेकडीवरच्या वस्तीला जाणार. नाही पार पडली तर सगळं इथंच थांबणार.

टेकडीवरच्या वस्तीत भिंगरीची धाकटी बहीण राहायची. एक खोली, तिला खिडकी नाही, चूल आत आणि तान्हं बाळही आत. बाळाचे डोळे कायम चिकटलेले. बहिणीचा आवाज हल्ली इतका बसला होता की फोनवर तिची सासू बोलतेय असं वाटायचं. "ताई, चूल येणार ना गं?" ती दर वेळी विचारायची. आणि भिंगरी दर वेळी सांगायची, "आली समज."

म्हणून आज जीव टांगणीला लागला होता. वस्तीची तिला काळजी नव्हती. तिथं चुली दोन्ही वेळा पेटत होत्या, हे ती डोळ्यांनी बघत होती. काळजी होती आपल्या घराची. प्रत्येक चुलीला संस्थेनं नंबर दिलेला, तो याही चुलीला होता आणि संगणकाला सून-सासू काही कळत नाही. देखरेख करणाऱ्या बाईच्याच घरात नवी चूल कोरी आणि मागं तीन दगड धगधगतायत, हे तपासनिसानं पाहिलं तर तो बाकीच्यांवर कशाला विश्वास ठेवेल? दिव्याखाली अंधार, दुसरं काय. भिंगरीनं पातेल्याच्या बुडाची काजळी बोटांनी खरवडली आणि चुलीच्या तोंडाभोवती फासली. मग लांब उभं राहून पाहिलं. चूल वर्षभर राबल्यासारखी दिसत होती.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. भिंगरीनं त्यांच्याकडे पाठ केली.

तपासनीस म्हणून आली ती एक बाई निघाली. भिंगरीच्याच वयाची, पाठीला पट्टा बांधलेली, खड्ड्यांतून जीपनं आदळत आल्यामुळे वैतागलेली. पाणी प्यायली, यादी काढली आणि पहिलंच नाव वाचलं ते टेलरबाईचं. भिंगरीचा जीव भांड्यात पडला. टेलरबाईची चूल तर सबंध वस्तीत सगळ्यांत जास्त राबायची. टेलरबाईचा एक पाय अधू. उभं राहून स्वयंपाक जमेना, तेव्हा भिंगरीनं ती चूल स्वतः लोहाराकडे नेऊन तिचे पाय कापून आणले होते.

दार उघडंच होतं. शिलाई मशिनीवर कापड नव्हतं, जमिनीवर एक चिंधी नव्हती. आणि कोपऱ्यात, जिथं रोज काळीठिक्कर चूल असायची, तिथं क्रोशाचा रुमाल घातलेलं काहीतरी होतं. रुमालावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी.

तपासनीस बाईनं कुंडी उचलली, रुमाल काढला. खाली चूल होती. अशी लखलखीत, की तिच्यात बघून भांग पाडावा.

"ही वापरता तुम्ही?"

"म्हणजे काय! दोन्ही वेळा."

"मग राख कुठंय?"

"अहो, पाहुणी यायची आणि मी दारात राख ठेवू होय?" टेलरबाई अभिमानानं म्हणाली आणि भिंगरीकडे बघून तिनं डोळा मारला. बघ कशी लाज राखली तुझी, असा.

बाईनं काहीतरी लिहिलं.

दुसरं घर जुन्या शाळामास्तरणीचं. तिथंही तेच. चूल घासूनपुसून भिंतीला टेकवलेली, नंबराची पट्टी आरशासारखी. फोडलेल्या लाकडांचा ढीग रोज चुलीशेजारी असायचा, तो नाहीसा झाला होता. भिंगरीनं वाकून पाहिलं तर लाकडं पलंगाखाली ढकललेली आणि वरून चादर खालपर्यंत ओढलेली. तिनं चादर उचलून दाखवली, तर मास्तरीणबाईच तिच्यावर डाफरल्या, "अगं, चारचौघांत पलंगाखाली काय बघतेस?"

तिसऱ्या घरी तर कहर होता. त्यांनी चुलीला चंदेरी रंग दिला होता. तपासनीस बाईनं बोट लावलं, बोट चंदेरी झालं. घरातल्या आजी कौतुकानं म्हणाल्या, "जरा वाळू दे. आजच दिलाय."

गल्लीत आल्यावर भिंगरीला राहवेना. "यांना सांगितलं कोणी?" ती स्वतःशीच पुटपुटली, आणि पुटपुटतानाच तिला उत्तर सापडलं. कोणी सांगायची गरजच नव्हती. संस्थेच्या साहेबांनी तपासणीचा दिवस फोनवर सांगताना बजावलं होतं, कोणाला कळता कामा नये. तिनं तोंडाला कुलूप घातलं होतं. पण पायांना कुठं घातलं होतं? काल दिवसभर ती या दारातून त्या दारात पळत होती. चूल बरी आहे ना, दार बसतंय ना, जाळी मोडली नाही ना. एकेका घरी दोनदा दोनदा. भिंगरी इतकी फिरतेय म्हणजे उद्या कोणीतरी मोठं माणूस येणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि बायकांनी तिच्या मायेपोटी, रात्री राख आणि काथ्या घेऊन, आपल्या चुलींवरचा सगळा पुरावा घासून काढला होता.

"खरंच वापरतात हो या," ती तपासनीस बाईला म्हणाली. आवाज रडवेला झाला. "तुम्ही येणार म्हणून घासल्यात."

"असेल," बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात उपहास नव्हता, नुसता थकवा होता. "पण ताई, मी अशा किती वस्त्या पाहिल्यात. चूल घेतात, फोटो काढतात, झाकून ठेवतात. विचारलं की रोज वापरतो म्हणतात. बिचाऱ्यांना तुमचं मन मोडवत नाही. मला दिसतं ते लिहावं लागतं." तिनं यादीवर बोट ठेवलं. "आता शेवटचं घर. हे कोणाचं?"

भिंगरीनं नंबर पाहिला.

"माझं," ती म्हणाली.

घरी सासूबाई पडवीच्या दारात बसल्या होत्या. सांगितल्याप्रमाणे दगड थंड होते. तपासनीस बाई चुलीपुढे वाकली. तोंडावरची काजळी पाहिली, काळं पातेलं उलटं करून पाहिलं, राखेत बोट घातलं. सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

"याला म्हणतात वापरातली चूल," ती म्हणाली. "एवढ्या घरांत ही एकच. निदान तुम्ही तरी प्रामाणिक आहात."

खरं तर भिंगरीनं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. ज्यासाठी पहाटे धूर खाल्ला ते साधलं होतं. पण त्या शब्दानं तिच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. राबणाऱ्या चुली खोट्या ठरल्या होत्या आणि एकमेव खोटी चूल खरी. टेलरबाईचा डोळा मारलेला चेहरा तिच्या नजरेपुढून हलेना. हे असंच लिहून गेलं की टेकडीवर काही जाणार नाही. बाळाचे डोळे तसेच चिकटलेले राहणार. आणि काजळी हा पुरावा नव्हे हे या बाईला पटवायला सगळ्या वस्तीत एकच गोष्ट होती, तीही हिच्याच घरात.

भिंगरीनं दोन्ही हात पुढे केले. नखांत काळं होतं, मनगटापर्यंत होतं.

"ही मी फासलीय," ती म्हणाली. "सकाळी, पातेलं रिकामं तापवून. या चुलीवर वर्षात एकदासुद्धा अन्न शिजलेलं नाही. आमचा स्वयंपाक मागं दगडांवर होतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

"जिथं काळं दिसलं तिथं वापर नाही," भिंगरी घाईघाईनं बोलत होती, थांबली तर धीर सुटेल म्हणून. "मग जिथं चकचकीत दिसलं तिथं वापर नाही हे कशावरून? त्यांनी माझ्यामुळे घासल्यात. मी काल वेड्यासारखी फिरले म्हणून. तुम्ही परत या. मला न सांगता या, साहेबांना न सांगता या."

"हे मला लिहावं लागेल. तुमच्या नावानिशी."

"लिहा."

"नोकरी जाईल."

भिंगरीला वाटलं आपण 'जाऊ दे' म्हणू. पण तसं म्हणवेना. ते काम तिला आवडत होतं, जिवापाड आवडत होतं. "जाईल," एवढंच ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

बाईनं पाठीचा पट्टा सारखा केला. मग म्हणाली, "परत येईन. केव्हा ते मात्र विचारायचं नाही. आणि तोवर तुम्ही या घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. तुमचे पाय दिसले की वस्ती पुन्हा घासायला बसेल."

भिंगरीनं मान डोलावली.

"आता या घराचं पूर्ण करते." बाईनं पान उलटलं आणि ती सासूबाईंकडे वळली. "आजी, चूल का वापरत नाही तुम्ही?"

"ती उंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "उभं राहिलं की माझे गुडघे धरतात. बसले तर हात पोचत नाही. एकदा पाण्याचं भांडं चढवतानाच पायावर सांडलं."

"कोणाला सांगितलंत?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. "तिनं मला चूल वापरा म्हणून खूपदा सांगितलं," त्या म्हणाल्या. "का वापरत नाही, ते आज तुम्हीच विचारलंत."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. भिंगरीला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. दर महिन्याला वस्तीतल्या प्रत्येक दारात तिचा पहिला प्रश्न हाच असायचा: काकू, चुलीचा काही त्रास? टेलरबाईसाठी ती लोहाराच्या दारात उन्हात उभी राहिली होती. आणि घरी यायची ती 'आई, अजून दगडच?' असं म्हणत.

पुढचे दिवस भिंगरीनं कसे काढले, ते तिचं तीच जाणे. माशाला झाडावर बसवावं तसं झालं. दारापर्यंत जायची, उंबऱ्यावर थबकायची, मागं फिरायची. खिडकीतून जाणारा-येणारा न्याहाळायची. ही जीपच का? ती बाई तीच का? फोनवर बहीण विचारायची, "काय झालं गं ताई?" आणि आता 'आली समज' म्हणता येत नव्हतं. वस्तीला वाटलं ही आजारी पडली. बायका विचारपूस करायला यायच्या, कोणी म्हणायचं नजर लागली, कोणी म्हणायचं दिवस गेलेत, आणि भिंगरी ओठ आवळून बसायची. घासू नका गं, एवढेच शब्द जिभेवर नाचायचे. पण तेही सांगायची सोय नव्हती.

हातांना काम हवं म्हणून तिनं एका सकाळी सुतळी घेतली.

"आई, बसा बघू. रोज बसता तशा."

सासूबाई बसल्या. भिंगरीनं जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. मग शेजाऱ्याची लोखंड कापायची करवत मागवली आणि चुलीचे पाय कापायला बसली. दात शिवशिवायला लावणारा तो आवाज दिवसभर चालला. सासूबाई मधेमधे सूचना करत होत्या. "तोंड माझ्या उजव्या हाताला येऊ दे. आणि पुढं वीट लाव, लाकूड टेकायला." वर्षभराचं बोलणं त्या एका दिवसात बोलल्या. संध्याकाळी त्यांनी स्वतः चूल पेटवली, पातेलं चढवलं, पाठ भिंतीला टेकली आणि म्हणाल्या, "हं." त्यांच्याकडून 'हं' म्हणजे शाबासकीच होती.

आणि मग एका दुपारी टेलरबाई अधू पाय ओढत, तणतणत घरात शिरली.

"मेले मी लाजेनं! अगं, ती तुझी पट्टेवाली पुन्हा आली. न सांगता, न सवरता, थेट आत! माझं कालवण उतू गेलेलं, चूल ही अशी काळी, राख बाहेर सांडलेली. आणि ती बया वाकून वाकून फोटो काढतेय! मास्तरणीकडे गेली, त्या चंदेरी रंगाच्या आजीकडे गेली. तो रंग पार जळून भेगाळलाय, आजींनी तोंड लपवलं. आम्हाला मेलीनं सगळ्यांना उघडं पाडलं. आणि तू इथं आरामात बसलीस? एक निरोप धाडता आला नाही तुला?"

भिंगरी आधी हसली, मग रडली, मग टेलरबाईच्या गळ्यात पडली. टेलरबाईला काही कळेना. "हिला डॉक्टरकडे न्या हो," ती सासूबाईंना म्हणाली.

काही आठवड्यांनी साहेबांचा फोन आला. वस्ती तपासणीत पार पडली होती. एकच घर 'वापर नाही' म्हणून नोंदलं गेलं होतं, ते तसंच राहणार. त्याची फेरतपासणी झाली नव्हती. टेकडीवर चुलींची खेप निघाली होती. "आणि तुझं म्हणशील तर," साहेब अडखळले, "अहवालात नाव आलंय. मला ठेवता येणार नाही तुला. तिकडे नवीन मुलगी जाईल."

भिंगरीनं फोन खाली ठेवला. चूल बहिणीकडे जाणार होती आणि ती दारात उतरवणारी भिंगरी असणार नव्हती. नवीन मुलगी नंबर लिहील, सही घेईल, फोटो काढील. बहीण ताईची लाज राखायला गप्प बसेल आणि म्हणेल, आहे ते बरं आहे.

ती उठली, चार पावलं गेली, परत आली, पुन्हा दाराशी गेली.

"बसत का नाहीस एका जागी?" सासूबाई म्हणाल्या. चुलीपुढे बसूनच त्यांनी हात लांबवला, खिळ्यावरची सुतळी काढली आणि स्वतःच्या मापाची गाठ नखांनी सोडवली. जुनी गाठ घट्ट होती, वेळ लागला. मग त्यांनी सुतळी सुनेपुढे धरली.

"हे घे आणि जा. बहिणीला आधी खाली बसव, बाळाला मांडीवर घेऊन बसव," त्या म्हणाल्या. "मग गाठ मार."

भिंगरीनं सुतळी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि ती टेकडीच्या वाटेला लागली.